म्युझिक प्लेअर घेताय? या चुका टाळा, मी करून बसलोय

बाबांना सकाळी तळजाई टेकडीवर फिरताना गाणी लागतात. अभंग, नाट्यगीतं, मधूनच भीमसेनजी. आधी फोनवरच ऐकायचे, पण गाणं जरा रंगात आलं की नेमका ‘सर, लोन हवंय का’ वाल्यांचा फोन येणार, म्हणून म्हटलं वेगळा प्लेअरच घेऊन देतो, बारकासा, बटणांचा, खिशात टाकला की झालं. ऑनलाइन एक दिसला, कुठे ते सोडा, वर लिहिलेलं ‘६४ जीबी, सगळे फॉरमॅट चालतात’, घेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी बाबा फिरून आले आणि म्हणाले, "अरे, हे चौकोन कोण गातंय?"

स्क्रीनवर गाण्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. आणि ती तर सुरुवात होती.

पहिली चूक: आधी प्लेअर, मग गाणी

आपण सगळे हेच करतो. प्लेअर घेतो आणि मग घरी येऊन बघतो की आपल्याकडे काय काय भरलंय. माझ्या हार्डडिस्कवर कॉलेजच्या काळातली १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती डेटा, त्याचा आकडा) एमपी३ होती, सीडीवरून काढलेल्या वेव्ह फाइली होत्या, आतेभावाने आयट्यून्समधून दिलेली एम४ए होती, काकूंच्या भजनी मंडळाचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग होतं (ते पण एम४ए), आणि व्हॉट्सॲपवरून आलेले ओपस. ‘सगळे फॉरमॅट’ म्हणजे त्या प्लेअरच्या लेखी एमपी३, वेव्ह आणि डब्ल्यूएमए. संपलं.

आता यातली सगळ्यात भारी चूक सांगतो, कारण ही मी स्वतः केलीये आणि लाज वाटते. एम४ए चालत नाही म्हटल्यावर मी फाइलचं नाव बदलून शेवटी .एमपी३ लावलं. अहो, डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. फाइल आतून एएसीच (एमपी३ पेक्षा वेगळी, आवाज दाबायची पद्धत) राहते, मग प्लेअर एकतर ती सोडून पुढे जातो नाहीतर चक्क हँग होतो. कन्व्हर्टच करावं लागतं, त्याला फूबार२००० किंवा एफएफएमपेग वापरा, दोन्ही फुकट आहेत.

आणि हो, स्ट्रीमिंग ॲपमधलं ‘डाउनलोड’ म्हणजे आपली फाइल नव्हे. ती ॲपच्या आत कुलूपबंद असते, दुसऱ्या प्लेअरवर उचलून टाकता येत नाही. ॲपमधलंच ऐकायचं असेल तर ती ॲप्स टाकता येतील असा अँड्रॉइडवाला प्लेअर लागतो, आणि तो महाग पडतो, बॅटरीही लवकर खातो. आयट्यून्सवरून २००९ च्या आधी विकत घेतलेली जुनी गाणी असतील आणि शेवटी एम४पी दिसत असेल तर तिथेही तेच कुलूप. एम४ए असेल तर काही प्रॉब्लेम नाही.

दुकानात जाणार असाल तर एका कार्डावर आपल्याच पाच-सहा फाइली घेऊन जा. एक फ्लॅक (आवाज न गमावता दाबलेली फाइल), एक एम४ए, एक मराठी नावाची, एक जुनी एमपी३. काउंटरवर उभं राहून लावून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

३२० चा मोह

मला वाटायचं १२८ ची गाणी ३२० ला कन्व्हर्ट केली की आवाज सुधारेल. नाही सुधारत. एमपी३ करताना आवाजातला जो भाग टाकून दिलेला असतो तो गेला, परत आणता येत नाही. ३२० केल्यावर फाइल अडीचपट जाड होते आणि वर अजून एकदा कुटली गेल्याने आवाज थोडा खराबच होतो. ‘यूट्यूबवरून ३२० मध्ये’ देणाऱ्या साइट्सची पण हीच गंमत, तिथला मूळ आवाजच साधारण १२८ ते १६० च्या आसपासचा असतो, तो ३२० च्या पिशवीत भरून देतात. (कॉपीराइटचा भाग वेगळाच.)

खात्री करायची असेल तर स्पेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात ओढून टाकली की आवाज किती वरच्या पट्टीपर्यंत जातो त्याचा रंगीत आलेख येतो. १२८ ची एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी थांबते, खरी ३२० ची २० च्या आसपास जाते. माझ्या ‘३२०’ लिहिलेल्या फोल्डरमधली निम्मी गाणी १६ लाच कापलेली निघाली. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून आलेली गाणी मात्र यात मोजू नका, तिथे मुळातच वरचा आवाज नसतो.

मग ठेवायचं कशात? हिशोब सोपा आहे. सीडीचा आवाज १४११ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. तोच फ्लॅकमध्ये टाकला तर एक कणही न गमावता साधारण पाच-सहा एमबीवर येतो. ३२० ची एमपी३ मिनिटाला २.४ एमबी. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं धरलं तर ३२ जीबीच्या कार्डावर ३२० ची अडीच हजार बसतील, फ्लॅकची हजारेक. मी आता सीडी आणि कॅसेटवरून काढलेलं सगळं घरच्या हार्डडिस्कवर फ्लॅकमध्येच ठेवतो, दोन ठिकाणी, आणि प्लेअरसाठी त्यातून एमपी३ बनवून घेतो. प्लेअर हरवला, कार्ड मेलं, उद्या दुसरा फॉरमॅट आला, तरी मूळ माल घरात असतो. वेव्हमध्ये ठेवू नका, जागा दुप्पट खाते आणि गायक-अल्बमची नावं त्यात धड टिकत नाहीत.

२४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या (सीडीपेक्षाही बारीक नोंद) नादाला मी लागलो नाही. फ्लॅक करण्याआधी मिनिटाला ६९ एमबी होतात ते, आणि रिक्षांच्या हॉर्नमध्ये फिरताना ऐकणार कोण?

चौकोन, प्रश्नचिन्हं आणि टोपीवाली अक्षरं

हा मराठी माणसाचा खास प्रॉब्लेम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाण्याचं नाव दिसतं ते फाइलच्या नावातून नव्हे, बहुतेक वेळा आतल्या टॅगमधून (फाइलच्या आतच लिहिलेली गाणं-गायक-अल्बमची नावं). ते नीट दिसत नसेल तर नेमकं काय दिसतंय ते बघा, त्यावरून रोग कळतो.

चौकोन दिसले तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाहीये, तुम्ही कितीही डोकं आपटा उपयोग नाही, नावं रोमन लिपीत लिहा. डोक्यावर टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं दिसली तर टॅग युनिकोडमध्येच आहे पण प्लेअर तो चुकीचा वाचतोय, हे दुरुस्त होतं. एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर घ्या, सेटिंगमध्ये टॅगचा प्रकार आयडी३व्ही२.३ आणि यूटीएफ-१६ ठेवा, सगळी गाणी सिलेक्ट करून परत सेव्ह करा. बरेच जुने प्लेअर २.४ चा टॅग वाचत नाहीत, २.३ वाचतात. आणि कॉम्प्युटरवर पण प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर नाव सेव्ह करतानाच मेलं, परत टाइप करा, इलाज नाही.

चौथा प्रकार सगळ्यात मजेशीर. फॉन्ट असतो पण अक्षरं जोडायची अक्कल नसते. ‘विठ्ठल’ लिहिलं की पहिली वेलांटी व च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते, आणि ठ्ठ फुटून मध्ये हलन्त लोंबकळतो. बाबांचा दुसरा प्लेअर असाच आहे. ते म्हणतात वाचता येतं, पहिलीतल्या पोराने लिहिल्यासारखं वाटतं एवढंच.

टॅगचा अजून एक घोळ म्हणजे एकच माणूस तीन जागी. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, आणि तेच परत रोमनमध्ये, प्लेअरच्या दृष्टीने हे तीन वेगळे गायक. आणि सात गायकांच्या अल्बमचे सात तुकडे होतात ते ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना रिकामा असल्यामुळे. त्यात सगळ्या गाण्यांना एकच नाव टाका, तुकडे जुळतात.

६४ जीबी म्हणे

पहिल्या आठवड्यात बाबांची तक्रार आली की गाणं दिसतं पण वाजत नाही, किंवा अर्ध्यात भलतंच लागतं. मला वाटलं केबल खराब. नंतर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं प्रोग्राम चालवलं, ते प्लेअरमधलं अख्खं कार्ड भरतं आणि परत वाचून बघतं, तर खरी जागा निघाली आठ जीबीच्या आत. अशा नकली कार्डातली चिप खोटं बोलते, ६४ सांगते, आणि खरी जागा संपली की नवीन गाणी जुन्यांवर लिहिते किंवा हवेत सोडून देते. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीला असते म्हणून नावं सगळी दिसतात, म्हणून तर फसायला होतं. नवीन कार्ड आलं की आधी ही टेस्ट, मग गाणी. मॅक किंवा लिनक्सवाल्यांना एफ३ आहे.

खरं ६४ चं कार्ड घातल्यावरही प्लेअरने ‘नो कार्ड’ म्हटलं. कारण ३२ च्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतात आणि साध्या प्लेअरला फॅट३२ च कळतं (दोन्ही कार्डावर फाइली मांडायच्या पद्धती). विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये वर्षानुवर्षं ३२ च्या वर तो पर्यायच यायचा नाही, रुफससारखं टूल वापरून करावं लागतं. किंवा सरळ ३२ चं कार्ड घ्या, स्वस्तात सुटाल.

क्रम, आणि समेवरचा खड्डा

साधे प्लेअर (आणि गाडीतले पेन ड्राइव्हवाले स्टीरिओ) बऱ्याचदा गाणी नावाप्रमाणे नाही, कॉपी झाली त्या क्रमाने लावतात. नावाआधी ०१, ०२ टाकून एकाच वेळी कॉपी करा, तरी नाही ऐकलं तर ड्राइव्हसॉर्ट नावाचं क्रम लावून देणारं टूल वापरा. फक्त १, २, १० असं लिहू नका, १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट आहे जी जाहिरातीत कधी ठळक नसते. सीडीवर बडा ख्याल एक ट्रॅक आणि छोटा ख्याल दुसरा, पण प्रत्यक्षात गाणं सलग चाललेलं असतं. एमपी३ करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते, आणि प्लेअरला ‘गॅपलेस’ (मध्ये न थांबता सलग वाजवणं) जमत नसेल तर तबला समेवर येतोय येतोय आणि मध्येच खड्डा. बाबांना हा चौकोनांपेक्षा जास्त झोंबला. प्लेअर गॅपलेस नसेल तर सोपा उपाय, दोन्ही ट्रॅक सीडीवरून काढतानाच जोडून एकच फाइल करा.

बाकी किरकोळ. मॅकवरून कॉपी केलं तर प्रत्येक गाण्याची टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक भुताटकी फाइल दिसते, वाजत नाही, टर्मिनलमध्ये कार्डावर dot_clean -m ही कमांड चालवा, जातात. कव्हरचा फोटो दिसत नसेल तर ५०० बाय ५०० चा साधा जेपेग लावा. महागडा प्लेअर घेऊन स्वस्त ब्लूटूथ इअरबड लावणार असाल तर फ्लॅकचं कौतुक नको, हवेतून जाताना ते परत दाबलं जातंच. आणि कपाटात जुना आयपॉड असेल (२०२२ मध्ये ॲपलने तो बंदच केला) तर त्याला फ्लॅक कळत नाही, अल्याक (ॲपलचा तसाच, आवाज न गमावणारा फॉरमॅट) करून द्या, तेवढीच क्वालिटी राहते. त्यातली गाणी बाहेर काढायची तर हिडन फाइल्स चालू करा, चार अक्षरी विचित्र नावांनी सगळी आत असतात, एमपी३टॅग टॅगवरून नावं परत लावून देतं.

बाबांच्या प्लेअरवर सध्या २१४ गाणी आहेत आणि त्यातली चाळीसेकच ते फिरवून फिरवून ऐकतात. ६४ जीबीची हौस मलाच होती.