ठासणीची बंदूक त्याच संध्याकाळी धुवावी
काळ्या दारूचा पांढरा धूर आणि घुमणारा बार यांचे सुख वेगळेच. पण सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या या मिश्रणाचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावर घनरूपात उरतो, आणि नळीत बसलेली ती काजळी, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, ओल शोषून एका रात्रीत लोखंडाला गंज चढवते. म्हणून गज घालून बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी आणि त्याच संध्याकाळी नळीत कडकडीत पाणी ओतून, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत नळी पुसावी. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नव्हे. नुसते तेल लावणे म्हणजे घाण झाकणे होय. गरम झालेली नळी लवकर सुकते, मगच तेलाचा पातळ हात फिरवावा. कान, म्हणजे नळीतल्या दारूपर्यंत ठिणगी पोचवणारे छिद्र, मात्र बारीक काडीने आठवणीने मोकळा करावा. पुढचा बार बहुधा तिथेच अडतो.