सबनेट पाडणारी स्क्रिप्ट चालवण्याआधी

सबनेट पाडणं म्हणजे आयपी पत्त्यांच्या मोठ्या गटाचे छोटे गट करणं. पायथनमध्ये या कामाला आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल पुरतं. ३.३ पासून ते भाषेसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. तरी आवृत्ती बघून घ्या. ३.९.५ पासून ०१० असा पुढे शून्य लावलेला आकडा ते नाकारतं, आणि ते योग्यच आहे, कारण काही प्रणाली तोच आकडा अष्टमान धरून ८ वाचतात. जुन्या एक्सेल शीटमध्ये असे पत्ते हमखास असतात. ते आधीच वेचून काढा. (या लेखातले पत्ते कॉपी करून चिकटवू नका. इंट() देवनागरी अंक खुशाल घेतं, हे मॉड्यूल घेत नाही.)

मग प्रत्येक ओळीत मास्क, म्हणजे गटाचा आकार सांगणारा /२४ सारखा शेवटचा आकडा, आहे ना, ते तपासा. नुसतं १०.२०.०.० दिलं तर आयपी_नेटवर्क मुकाट्याने /३२ धरतं, म्हणजे एकच पत्ता, आणि एररही येत नाही. याउलट १९२.१६८.१.१०/२४ दिलं की होस्ट बिट (गटातलं एकेक यंत्र दाखवणारा पत्त्याचा भाग) सेट आहेत म्हणून व्हॅल्यूएरर येतो. तो घालवायला लोक स्ट्रिक्ट=फॉल्स हा पर्याय लावतात, पण त्यात शेवटचा .१० गळून जातो. पत्ता आणि मास्क दोन्ही राखायचे असतील तर आयपी_इंटरफेस घ्या.

हिशेब कोडआधी कागदावर करा. १०.२०.०.०/२२ मध्ये १,०२४ पत्ते. त्याचे /२६ चे तुकडे १६, प्रत्येकी ६४ पत्त्यांचे. यंत्रांना देता येणारे पत्ते काढणारं होस्ट्स() त्यातले ६२ देतं. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) मात्र प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा एक स्वतःकडे ठेवतं, उरतात ५९. साठ सर्व्हर बसवायचे असतील तर स्क्रिप्ट होकार देईल आणि क्लाउडवर जागा अपुरी पडेल. ऑफिसच्या व्हीपीएनच्या रेंज मागवून घ्या, डॉकरची (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाची) नेहमीची १७२.१७.०.०/१६ त्यात घाला आणि पत्ते एकमेकांवर चढत नाहीत ना, हे बघायला सगळ्यांशी ओव्हरलॅप्स() चालवा.

पत्ते डेटाबेसमध्ये पूर्णांक म्हणून ठेवणार असाल तर आयपीच्या आवृत्तीचा (४ की ६) वेगळा कॉलम हवाच. आयपीव्ही६ चा ::१ म्हणजे १, आणि तो परत वाचताना ०.०.०.१ होतो. क्रम लावताना स्ट्रिंग नको, ऑब्जेक्ट वापरा, नाहीतर १०.०.०.१० हा १०.०.०.९ च्या आधी येतो. आयपीव्ही६ च्या /६४ वर होस्ट्स() ची लिस्ट मात्र कधीच करू नका. मेमरी संपेल, यादी संपणार नाही.