जुन्या पिकअपसाठी नवे मीटर-पॅनल

जुन्या पिकअपचे मूळ मीटर निकामी झाल्यामुळे मी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून नवे पॅनल कापून घेतले. त्याआधी पुठ्ठ्याचा नमुना डॅशबोर्डवर लावून, स्टिअरिंगआड एकही काटा झाकला जात नाही, याची खात्री केली. खरी कसोटी इंधनमीटरची होती आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा. टाकीतील सेंडरचा, म्हणजे इंधनाची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाचा, विद्युत रोध टाकी रिकामी असताना ० आणि भरलेली असताना ९० ओहम होता, तर बाजारात मिळणारे अनेक मीटर २४० ते ३३ ओहमचे, म्हणजे उलट्या दिशेने चालणारे असतात. म्हणून मल्टिमीटरने मोजूनच जुळणारा मीटर निवडला. सर्व मीटरांच्या अर्थिंगच्या वायरी एकत्र करून थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडल्या, कारण रंगवलेल्या डॅशबोर्डमधून मिळणारे अर्थिंग कच्चे राहिल्यास हेडलाइट लावताच काटे सरकतात.