हाय-गेन ट्यूब अॅम्पमधून स्वच्छ आवाज कसा काढावा

एरवी मेटल वाजवणारा गिटारवाला जत्रेच्या ऑर्केस्ट्रात ढोलकीमागे कॉर्ड धरायला उभा राहिला, की त्याच हाय-गेन अॅम्पकडून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्यासाठी बनवलेल्या अॅम्पकडून, स्वच्छ आवाज हवा असतो. चॅनेल क्लीनवर टाकलं तरी आवाज फाटतो, मग गेन (सिग्नल सुरुवातीलाच किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) शून्याजवळ नेला जातो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. तसं का होतं ते कळलं की निम्मं काम झालं.

बऱ्याच अॅम्पमध्ये गेनच्या नॉबवर एक छोटा कपॅसिटर असतो. गेन जितका कमी, तितका तो वरच्या पट्टीचा आवाज जास्त पुढे सोडतो. म्हणून गेन अगदी खाली नेऊ नका, गिटारकडून येणारा सिग्नलच कमी करा.

१. गेन ३, बास ४, मिडल ६, ट्रेबल ५, प्रेझेन्स (अगदी वरच्या पट्टीचा नॉब) ३ ठेवा. ब्राइटचं बटण असेल तर बंद. आवाजाची पातळी चॅनेल व्हॉल्यूम आणि मास्टरने वाढवा. पीव्ही ५१५० च्या ऱ्हिदम चॅनेलला क्रंचचंही बटण आहे, तेही बंद. या अॅम्पमध्ये दोन्ही चॅनेलना ट्रेबल-बास एकच, त्यामुळे क्लीन जमवलं की लीड (सोलोचा, फाटलेल्या आवाजाचा चॅनेल) बिघडतं. मधला मार्ग काढावा लागतो.

२. गिटारचा व्हॉल्यूम ६-७ वर आणा. आवाजाची चमक गेली तर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) इनपुट आणि मधल्या टोकांत १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. पाच-दहा रुपयांचा माल आणि सोल्डरचे दोन टाके.

३. हमबकर (तारांखालचा दोन कॉइलचा पिकअप) स्क्रूने खाली करा, म्हणजे सिग्नल कमी होतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, ब्रिजकडच्या पिकअपला तार आणि पोलपीसमध्ये (पिकअपवरच्या धातूच्या टोकांमध्ये) २ ते २.५ मिमी, नेककडच्याला ३ मिमी अंतर ठेवून बघा.

आता सहाही तारांचा ई कॉर्ड जोरात मारा. जाड तार घरघरली तर बास कमी करा. तरी घरघर राहिली, तर फाटणं टोन नॉबच्या आधीच होतंय: अॅम्पमधल्या पहिल्या ट्यूब-टप्प्याने वाढवलेला सिग्नल दुसऱ्या टप्प्याला पेलवत नाही. तिथे टोन नॉब फिरवून काही होत नाही, ट्यूब बदलावी लागते.

पहिली प्रीअॅम्प ट्यूब (गिटारचा सिग्नल सर्वांत आधी वाढवणारी छोटी ट्यूब) बहुधा इनपुट जॅकच्या सर्वांत जवळ असते. तिथल्या १२एएक्स७ या ट्यूबचा गुणक (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००. ५७५१ चा ७० आणि १२एटी७ चा ६०. आधी ५७५१ लावा. १२एटी७ काही अॅम्पमध्ये कोरडी वाटते. अॅम्प बंद, प्लग भिंतीतून बाहेर, अर्धा तास थंड होऊ द्या. धातूची टोपी फिरवून काढा, ट्यूब हलकेच डुलवत सरळ वर ओढा, नवीच्या नऊ पिना जुळवून बसवा. बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या करंटची जुळणी) करावा लागत नाही. पॉवर ट्यूबचं मात्र तसं नाही, ते काम तंत्रज्ञाकडेच द्या. चेसिस (आतल्या सर्किटची धातूची पेटी) उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब उरू शकतो. स्पीकर न जोडता अॅम्प वाजवणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी.

जत्रेच्या मैदानात आणखी एक घोळ. सगळी रोषणाई लागली की २३० व्होल्टचे २०० होतात, ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी साधारण ५.५ व्होल्ट मिळतात आणि दुपारी स्वच्छ वाजलेलं सेटिंग रात्री लवकर फाटतं. शंभर वॉटच्या अॅम्पला १ केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो.

आणि कोल्हापूरचा पाऊस. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत इफेक्ट लूपच्या (अॅम्पमागच्या, बाहेरचे इफेक्ट जोडायच्या सेंड आणि रिटर्न या) जॅकमधले संपर्क काळवंडतात. क्लीन अचानक दबका आणि खरखरीत झाला तर ट्यूबवर पैसे घालण्याआधी सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावा. आवाज परत आला तर दोष रिटर्न जॅकचा. अॅम्प बंद करून जॅकमध्ये थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा आणि वाळल्यावरच सुरू करा.