घरच्या कॉम्प्युटरसाठी लिनक्स निवडताय? या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे घरच्या मशीनवर काली लिनक्स टाकणं (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, काली हा तिचा एक प्रकार). १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुने लॅपटॉप घेऊन लोक लिनक्सकडे वळतायत, आनंदच आहे, पण यूट्यूबवर हॅकिंगचा व्हिडिओ बघून थेट काली? अहो, ते सिक्युरिटी टेस्टिंग करणाऱ्यांसाठी आहे, नवशिक्यांनी वापरू नये असं कालीवालेच सांगतात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या लॅपटॉपवर त्यांच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने हेच केलं. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, समजून घ्यायचा कंटाळा, म्हणून सरळ 'पूर्ण डिस्क वापरा' निवडलं, आणि त्याने आधीचं सगळं पुसलं जातं. त्याच डिस्कवर मेंटेनन्सचा सगळा हिशोब, बॅकअप कुठेच नाही. काका विचारतायत, "अरे, माझं एक्सेल कुठं गेलं?" जुनी हार्ड डिस्क होती म्हणून फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवून बऱ्याच फायली निघाल्या, पण नावं सगळी गेलेली, नुसता एफ आणि पुढे आकडे, एकेक उघडून बघत बसलो. मग मिंट या सोप्या लिनक्सचं एक्सएफसीई, म्हणजे हलकं व्हर्जन, टाकून दिलं, काका खूश. त्यामुळे माझा नियम, बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर जाऊन ती डिस्क काढून बाजूला ठेवल्याशिवाय इन्स्टॉलर उघडायचाच नाही.

दुसरं, पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह न चालवताच इन्स्टॉल मारणं. उबुंटू (हेही एक लोकप्रिय लिनक्स), मिंट दोन्ही इन्स्टॉल न करता चालतात, मग एक संध्याकाळ द्या की! वायफाय लागतंय का (ब्रॉडकॉमची चिप असेल तर हमखास बघा), आवाज येतोय का, प्रिंट निघते का, झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. एवढा धीर नसेल तर नंतर "लिनक्स बेकार आहे" म्हणू नका.

उबुंटू घ्यायचं तर एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जनच घ्या, त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या व्हर्जनला फक्त नऊ महिने.

३२ बिटचा प्रोसेसर असेल तर आताचं उबुंटू किंवा मिंट २२ चालणारच नाही, डाउनलोड करायच्या आधी बघा.

दर आठवड्याला डिस्ट्रो (उबुंटू, मिंटसारखा लिनक्सचा प्रकार) बदलणाऱ्यांना काहीच शिकता येत नाही, एक धरा आणि सहा महिने वापरा.

आणि घरात कोणी मराठी टाइप करत असेल तर कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी पहिल्याच दिवशी जोडून द्या, नाहीतर आई दुसऱ्या दिवशी विंडोज परत मागणार.