जुन्या फ्लॉपी वाचायला घेताय? या चुका टाळा

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे भागांत अजूनही एखाद्या देवस्थानाच्या नाहीतर नाट्यमंडळाच्या कपाटात फ्लॉपींची पेटी सापडते. कुठे जत्रेतल्या नाटकाची संहिता, कुठे महाजनांची यादी, कुठे उत्सवाचा हिशेब. अशी पेटी कुणी फेकायला निघाले की जीव तुटतो, कारण त्यातले बरेच अजून वाचता येते. आणि जे जाते, ते पुष्कळदा वाचणाऱ्याच्या घाईने जाते.

आकारावरून क्षमता ठरवणे

सव्वापाच इंची फ्लॉपी पीसीवर मुख्यतः दोन प्रकारच्या: ३६० केबी आणि १.२ एमबी. दुसरी १९८४ साली आयबीएमच्या पीसी एटीबरोबर आली. दिसायला दोन्ही सारख्याच, पण ३६० केबीच्या मधल्या भोकाभोवती बहुधा मजबुतीचे कडे असते, १.२ एमबीवर ते सहसा नसते. साडेतीन इंचीत ओळख सोपी आहे. ७२० केबीला कोपऱ्यात सरकपट्टीचे एकच भोक, १.४४ एमबीला समोरच्या कोपऱ्यात आणखी एक.

१.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीच्या फ्लॉपीवर लिहिणे

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. ३६० केबीचा ड्राइव्ह एका बाजूला ४० ट्रॅक, म्हणजे मजकुराच्या वर्तुळाकार पट्ट्या, लिहितो, १.२ एमबीचा ८०. साहजिकच दुसऱ्याचे हेड, म्हणजे वाचणारे-लिहिणारे टोक, अरुंद. रुंद ट्रॅक त्याला वाचता येतो, पण त्यावर लिहिले की मधोमध नवी अरुंद पट्टी उमटते आणि कडेला जुना मजकूर तसाच उरतो. ती फ्लॉपी परत मूळ ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये घातली की रुंद हेडला नवे-जुने एकदमच मिळते आणि वाचनात चुका सुरू होतात. म्हणून १.२ एमबीचा ड्राइव्ह अशा फ्लॉपीसाठी फक्त वाचायला वापरा. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबी म्हणून फॉरमॅट करण्याचा मोहही नको. तिच्यावरचा चुंबकीय थर वेगळा असतो, मजकूर टिकत नाही.

खाच उलटी समजणे

वाचण्याआधी लेखन बंद करावे, हे खरे. पण दोन आकारांत रीत नेमकी उलट आहे. सव्वापाच इंचीत बाजूची खाच झाकली की लिहिणे बंद होते, साडेतीन इंचीत सरकपट्टीचे भोक उघडे ठेवले की. खाचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. काही ड्राइव्ह खाच प्रकाशाने ओळखतात आणि त्यांना ती पट्टी दिसतच नाही.

‘फॉरमॅट करायची का?’ याला हो म्हणणे

संगणकाने हा प्रश्न विचारला म्हणजे फ्लॉपी कोरी आहे असे नाही; मजकुराची मांडणी ओळखता आली नाही, एवढेच. हो म्हटले की नवी मांडणी आखली जाते आणि जुना मजकूर जातो. जुन्या मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या किंवा अमिगा या जुन्या संगणकाच्या ८८० केबीच्या फ्लॉपी पीसीच्या नेहमीच्या ड्राइव्हवर वाचल्याच जात नाहीत. त्यांसाठी फ्लॉपीवरचे चुंबकीय संकेत थेट वाचणारे ग्रीसवीझलसारखे उपकरण लागते.

दुसरे कारण त्या जास्तीच्या भोकाचे. १.४४ एमबीची फ्लॉपी जुन्या यंत्रावर ७२० केबी म्हणून फॉरमॅट केलेली असेल, तर नवा ड्राइव्ह भोक पाहून तिला १.४४ एमबीचीच धरतो आणि अडतो. भोकावर अपारदर्शक पट्टी चिकटवून पुन्हा वाचून पाहा. यूएसबीच्या ड्राइव्हवर मात्र फार भिस्त ठेवू नका. त्यांतले बहुतेक १.४४ एमबी आणि फार तर ७२० केबीपुरतेच असतात.

फ्लॉपी बदलली तरी फाइलींची यादी तीच

जुन्या पीसीवर असे दिसले तर तिथेच थांबा, काहीही साठवू नका. ‘फ्लॉपी बदलली’ हा इशारा ३४ तारांच्या केबलमधून संगणकापर्यंत पोचत नाहीये. अशा स्थितीत लिहिले तर पहिल्या फ्लॉपीची यादी दुसरीवर उमटते आणि दुसरीचा मजकूर हरवतो. केबल आणि बायोसमधला (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधला) ड्राइव्हचा प्रकार तपासा. ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल बहुधा उलटी बसली आहे.

बुरशी न पाहता फ्लॉपी आत सारणे

आपल्याकडच्या पावसाळ्यात हे अटळच. साडेतीन इंचीची झडप बाजूला करून चकती हाताने फिरवा आणि उजेडात दोन्ही बाजू पाहा. पांढरे ठिपके किंवा धुरकट डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. हेड माखते, चकतीवर ओरखडे पडतात आणि मागून येणाऱ्या चांगल्या फ्लॉपीही बिघडतात. स्वच्छ दिसणाऱ्या आधी वाचून घ्या. डाग असलेल्या वेगळ्या काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि सफाई जाणकाराकडून करवून घ्या.

वाचताना सुट्या फाइली न उचलता संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या मजकुराची एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत, घ्या. १.४४ एमबीची प्रतिमा पूर्ण असेल तर तिचा आकार १४,७४,५६० बाइट्स भरतो. फाइल उघडल्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसली तर फ्लॉपीला दोष देऊ नका. त्या काळी मजकूर युनिकोडमध्ये नसे. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, मजकूर कोणत्या फाँटमध्ये टाइप केला होता ते जुन्या डीटीपीवाल्याला (संगणकावर छपाईची जुळणी करणाऱ्याला) विचारा आणि रूपांतर प्रतीवरच करा.