गेमचं दुकान टिकवायचंय? मग नवीन डिस्कच्या भरवशावर राहू नका

परवा एक पोरगा आला, रॅकवरचा सील पॅक गेम हातात घेतला, मागचं सगळं वाचलं, मोबाईल काढून प्लेस्टेशनचा सेल बघितला आणि "काका, उद्या येतो" म्हणून गेला. उद्या येतो म्हणजे काय हे दुकानदाराला कुणी समजवायला नको. मी पुण्यात छोटं दुकान चालवतो, आणि आता बरेच जण विचारतात की सगळं डाउनलोड व्हायला लागलंय तर तुझं कसं चालतं, काहीजण तर स्वतः दुकान टाकायचा विचार करतायत म्हणून विचारतात. तर जे करून बघितलं आणि जे अंगावर आलं ते लिहितो.

आधी एक जुनी गोष्ट, कारण ती विसरलात तर पुढचं पटणार नाही. आमच्या हातून पहिल्यांदा पीसीचे गेम गेले. स्टीम, म्हणजे पीसीचे गेम डाउनलोडवर विकणारं ऑनलाइन दुकान, २००३ पासून होतं पण किंमत डॉलरमध्ये आणि इंटरनेट रडतखडत, त्यामुळे आम्ही निवांत. मग २०१५ ला स्टीमवर रुपयात भाव दिसायला लागले, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि पीसीच्या डीव्हीडीचा सगळा माल अंगावर पडला, शेवटी पोत्याच्या भावात काढला. कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनमध्ये) तेच चाललंय, फक्त हळू. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची खाचच नाही. पीएस५ (प्लेस्टेशन ५) आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९०, म्हणजे दहा हजार वाचवले की गिऱ्हाईक कायमचं दुकानाबाहेर. 'अॅलन वेक २' हा गेम ऑक्टोबर २०२३ मध्ये नुसता डाउनलोडवर आला, डिस्क यायला एक वर्ष गेलं. त्यामुळे नवीन गेम विकून भाडं निघेल हा हिशोबच डोक्यातून काढा. नवीन गेम ठेवायचा तो काचेत दिसायला आणि माणूस आत यायला, मोठ्या गेमचे चार-पाच पीस, तेही आधी पैसे भरलेल्यांची यादी बघून मागवायचे.

मग विकायचं काय? जे डाउनलोड होत नाही ते. डाउनलोड केलेला गेम परत विकता येत नाही, सगळी गोम तिथेच आहे. ४,९९९ चा गेम घेऊन दोन आठवड्यात संपवला तर डाउनलोडवाल्याचे ४,९९९ गेले, डिस्कवाल्याचे निम्मे परत येतात, आणि ते तुमच्या काउंटरवरून परत येतात. हे गिऱ्हाइकाला बोलून दाखवा. मी तर नवीन डिस्क विकतानाच बिलावर पेनाने लिहून देतो की महिन्यात परत आणलीस तर इतके देईन. तो आकडा बघितला की "सेलमध्ये स्वस्त आहे" हा विषय अर्धा तिथेच संपतो.

जुन्या डिस्क घेण्या-देण्याचं हे एक्सचेंज नीट जमलं पाहिजे, कारण खरा पैसा इथे आहे आणि बुडायची जागाही हीच आहे. नियम एकच: आधी विकायची किंमत ठरवा, मग घ्यायची. बरेच जण उलटं करतात, समोरचा घासाघीस करतो म्हणून अडीच हजाराला घेतात आणि मग ती तीन हजाराला विकायचा प्रयत्न करत सहा महिने धूळ पुसत बसतात. समजा एक डिस्क तुमच्याकडे २,६०० ला नक्की जाईल, तर घ्या २,००० ला. पाच-सहा आठवड्यांनी तीच डिस्क परत येते, तेव्हा १,७०० ला घेऊन २,२०० ला द्या, मग १,३०० ला घेऊन १,७५०. एका डिस्कवर तीन वेळा मिळून साडेपंधराशे सुटले. सील पॅकवर एवढे कधी सुटलेत ते आठवून बघा. डिस्क फिरली पाहिजे, रॅकवर बसली की मेली. आणि रोख देणार असाल तर एक भाव, दुकानातच दुसरं काही घेणार असेल तर पंधरा-वीस टक्के जास्त, कारण ते पैसे गल्ल्यातून बाहेर जातच नाहीत.

दरवर्षी येणाऱ्या खेळांच्या गेमपासून सांभाळून. फुटबॉलचा ईए एफसी (जुने लोक अजून फिफाच म्हणतात, म्हणू द्या) सप्टेंबरमध्ये नवीन येतो आणि जुन्याचा भाव असा फुटतो की ऑगस्टमध्ये घेतलेली डिस्क दिवाळीत कुणी फुकट नेत नाही. जूननंतर मी जुना एफसी घेतो तो फक्त एक्सचेंजमध्ये, रोखीत नाही, आणि तेही माणूस जुना असेल तर. कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूई टूकेचंही तसंच.

आता डिस्क तपासायची कशी. दुकानातला ट्यूबलाइट पुरत नाही, मोबाईलची टॉर्च तिरकी धरा आणि डिस्क हळूहळू फिरवा. मधून बाहेर जाणारे बारीक ओरखडे असतील तर फारसं बिघडत नाही, गोल फिरणारा ओरखडा वाईट, तो कन्सोल हलवल्यावर पडतो. आणि हे लिहून ठेवा: पीएस२, एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क डीव्हीडीच्या जातीच्या, त्यात डेटाचा थर चमकत्या बाजूपासून ०.६ मिलीमीटर आत असतो, म्हणून त्या पॉलिश मशीनवर घासून वाचवता येतात. पीएस३, पीएस४, पीएस५ च्या ब्लू-रे, त्यात थर फक्त ०.१ मिलीमीटरवर. वर कडक कोटिंग असतं म्हणून सहजासहजी ओरखडत नाहीत, पण एकदा खोल गेलं की मशीनवर घातलं तर होतं तेही जातं. मी एका चांगल्या डिस्कची अशी माती करून घेतलीये. लेबलच्या बाजूलाही बघा, आणि मग डिस्क घालून इन्स्टॉल सुरू होतं का ते बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

डिस्कवर गेम पूर्ण आहेच असं पण नाही. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ ची पीएस५ डिस्क निघाली तेव्हा तिच्यात जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड. तरी ती विकली जाते, कारण डिस्क म्हणजे चावी, ज्याच्या हातात त्याचा गेम. निंटेंडो स्विच २ ची गेम-की कार्डं (जून २०२५ नंतरची, आपल्याकडे ती बहुतेक बाहेरूनच येतात) तशीच: आत गेम नाही, पण कार्ड दुसऱ्याला दिलं की त्याच्याकडे चालतं, म्हणून एक्सचेंजला घ्यायला हरकत नाही. डब्यात नुसता छापील कोड असेल तर मात्र हात लावू नका, वापरलेला कोड म्हणजे फाटलेलं तिकीट. दुबईहून वगैरे आणलेली पीएसची डिस्क इथे चालते, पण डीएलसी (गेममध्ये नंतर विकत घ्यायची जादा भर) त्याच भागातल्या अकाउंटचं लागतं. हे आधीच सांगून टाका, नाहीतर माणूस रात्री अकराला फोन करतो.

सेकंडहँड कन्सोल घेताना मी एकदा चांगलाच आपटलोय. दुकानातलं नेट बंद होतं, पीएस४ चालू केला, गेम चालला, माणूस सभ्य वाटला, पैसे दिले. संध्याकाळी साइन इन करायला गेलो तर कन्सोल नेटवर्कवरून बॅन. पार्टसाठी उघडावा लागला. तेव्हापासून नेट बंद असेल तर खरेदी बंद. साइन इन करा, डिस्क आत-बाहेर करून बघा, डब्यावरचा आणि मशीनवरचा सिरीयल नंबर जुळतो का बघा, जुन्या मालकाचं अकाउंट त्याच्याच हाताने काढून घ्या, ओळखपत्राची कॉपी आणि मूळ बिल घ्या. बिल नाही म्हणाला तर भाव कमी करून घेऊ नका, घेऊच नका. चोरीचा माल निघाला तर चौकीत हेलपाटे तुम्हाला घालायचे आहेत. सुरुवातीच्या पीएस४ किंवा पहिल्या पीएस५ चा ड्राइव्ह मेलेला असेल तर तेही नीट समजून घ्या: ड्राइव्हचा बोर्ड मदरबोर्डशी जोडलेला असतो, दुसरा ड्राइव्ह आणून लावला तरी मूळचा बोर्ड त्यात टाकावा लागतो, तो हरवला असेल तर डिस्क चालणं विसरा.

जीएसटीचं एका वाक्यात, कारण यात लोक उगाच जास्त भरतात: जुन्या मालाला मार्जिन स्कीम आहे, नियम ३२(५), म्हणजे माल आहे तसा किंवा किरकोळ साफसफाई करून विकला आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या टॅक्सची वजावट) घेतलं नाही तर टॅक्स विक्री आणि खरेदी यांच्या फरकावर. वरच्या उदाहरणात २,६०० वर नाही, ६०० वर. त्यासाठी प्रत्येक डिस्कची खरेदी लिहिलेली पाहिजे, सीएला दाखवायला वही लागतेच.

दुसरा खांब म्हणजे रिपेअर, आणि माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत दुकान यावरच उभं राहणार. ज्याच्याकडे डिजिटल पीएस५ आहे तो डिस्क घ्यायला बहुतेक येणार नाही, पण त्याचा कंट्रोलर पण ड्रिफ्ट होतोच की. ड्रिफ्ट म्हणजे कंट्रोलरच्या काठीला (अंगठ्याने फिरवायच्या स्टिकला) हात न लावता गेममधला माणूस एका बाजूला चालत सुटतो. काठीच्या खाली ती किती वळली ते मोजणारे दोन पोटेन्शिओमीटर असतात, आत पट्टीवर घासून घासून झिजतात. पूर्ण मॉड्यूल बदलायचं तर चौदा पाय सोडवायचे असतात, आणि कंपनीचं सोल्डर शिसं नसलेलं म्हणून लवकर वितळत नाही. नवशिका इथे सोल्डरिंगची इस्त्री दाबून धरतो आणि बोर्डावरची तांब्याची कडी उपटतो, मग मॉड्यूल शंभराचं आणि नुकसान पाच हजाराचं. आधी भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावं म्हणून लावतात ते), मग प्रत्येक पायावर थोडं शिसाचं सोल्डर चढवा म्हणजे मिश्रण कमी तापमानाला वितळतं, मग सोल्डर पंपाने ओढून घ्या, राहिलेलं तांब्याच्या वेणीने. मॉड्यूल बोटाने हललं पाहिजे, ओढायचं नाही. बसवताना जमलं तर हॉल इफेक्ट किंवा टीएमआर जातीचं मॉड्यूल घाला, त्यात चुंबक असतं, घासायला काही नसतं. शेवटी यूएसबीने लॅपटॉपला जोडून ब्राउझरमधून कॅलिब्रेट करा. हे विसरलात तर नवीन मॉड्यूल पण ड्रिफ्टच दाखवतं आणि गिऱ्हाईक म्हणतं "याला काय येत नाय". पहिले दहा कंट्रोलर भंगारातले घेऊन शिका, मी बोर्ड जाळले ते सगळे स्वतःचेच. फ्लक्स, वेणी, पंप असली सामग्री पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जाते, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

त्याखालोखाल एचडीएमआय पोर्ट, टीव्हीमागे कन्सोल ओढला की तुटतो, एकोणीस पिना असतात, हे काम हात बसल्याशिवाय घेऊ नका. साफसफाई मात्र आजपासून घ्या. पीएस४ ची चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलणं सोपं, पीएस५ ला आत पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) असतं, म्हणून तिथे पंखा आणि हीटसिंकची धूळ काढून थांबा, धाडस नको. एसएसडी (जादा जागेची ड्राइव्ह) लावून देणं हे तर अर्ध्या तासाचं काम. पहिल्या पीएस५ मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं, वापरायला मिळतात ६६७, आणि गेम शंभर-शंभर जीबीचे, म्हणजे डाउनलोडवालाच जागा संपली म्हणून तुमच्याकडे येतो. जनरेशन ४ ची एनव्हीएमई जातीची एसएसडी, हीटसिंकसकट, सेकंदाला ५,५०० एमबीच्या पुढचा वेग, एवढं बघून द्या.

बाकीचं थोडक्यात. गिफ्ट कार्ड आणि वॉलेट कोड ठेवा, सुटतं फार थोडं, पण ज्या पोराकडे कार्ड नाही आणि बाबा मोबाईल देत नाहीत तो रोख पैसे घेऊन येतो, येतो तर कंट्रोलरचं ग्रिप पण बघतो. टी-शर्ट, मग, पुतळे वगैरे मी भरले होते, जागा खातात, मला नाही जमलं. तासावर गेम खेळायला देणं दिसतं सोपं, पण व्हिडिओ गेम पार्लरच्या परवानगीचं आधी पोलीस ठाण्यात आणि कलेक्टर ऑफिसात विचारून घ्या, शिवाय डिस्कवर घरगुती वापरासाठी असंच लिहिलेलं असतं. रविवारी एफसीची मॅच लावा, बक्षीस म्हणून दुकानाचं क्रेडिट द्या, पण पोरांनी आपापसात पैसे लावले तर त्याच क्षणी बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर संसदेने बंदी घातलीये, ई-स्पोर्ट्स वेगळे मानलेत, तरी तुमच्या दुकानाचं नाव त्या भानगडीत कशाला.

ब्रिटनमधल्या गेम नावाच्या मोठ्या साखळीने फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने गेम घेणंच बंद केलं. मोठ्यांना ते परवडत नाही, प्रत्येक डिस्क टॉर्चखाली धरायला माणूस लागतो. आपण मात्र काउंटरवर बसलेलोच असतो.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी मात्र पहिल्या दिवसापासून करा. ग्रुप नको, ग्रुपवर लोक सुप्रभात पाठवतात. रोज संध्याकाळी सातला आज आलेल्या जुन्या डिस्कचे फोटो आणि किंमत, बास. माझ्याकडे चांगली डिस्क बहुतेक आठच्या आत बुक होते, रॅकपर्यंत पोचतच नाही. आणि दिवाळीच्या आधी महिनाभर काठीची मॉड्यूल भरून ठेवा, कारण सुट्टीत सगळी पोरं घरी, सगळे कंट्रोलर एकदम जातात आणि नेमका तेव्हाच मालवाला फोन उचलत नाही.